उभ्या गाडीची ऊब

कुठेही निघण्याआधी मी यादी करते. जानेवारीतल्या त्या पहाटे नाशिकहून जव्हारच्या एसटीत बसले तेव्हा यादीत तेरा ओळी होत्या. लॅपटॉप, जोडणीची वायर, पान्यांची गुंडाळी, टॉर्च, रबरी नळीचे दोन तुकडे, इंजिन ऑइलचा सात लिटरचा कॅन, स्वेटर, डोकेदुखीच्या गोळ्या, बिस्किटं, असंच सगळं. प्रत्येक ओळीपुढे खूण झाली होती. शेवटची ओळ तेवढी तशीच होती. तिथे मी लिहिलं होतं, ‘काशिनाथला कारण सांगणे.’

मी नाशिकला गाड्यांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीचं काम बघते. डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे, पण अठरा वर्षांत हात काळे कमी आणि कागद काळे जास्त केले. मोखाड्याला जायचं निघालं तेव्हा आमच्या दोन कारागिरांपैकी एकाच्या मेहुणीचं लग्न उभं राहिलं आणि दुसऱ्याची कंबर धरली. मग मीच निघाले.

गाडी म्हणजे एका धर्मादाय संस्थेचा फिरता दवाखाना. मोखाडा तालुक्यातल्या पाड्यापाड्यांवर (पाडा म्हणजे डोंगरातली लहान वस्ती) जाऊन लहान मुलं तपासायची, वजनं घ्यायची, गरज पडली तर जव्हारच्या रुग्णालयात पोचवायचं. परदेशातल्या देणगीदाराने अट घातली होती की गाडी धूर न ओकणारी हवी. म्हणून निर्यातीसाठी तयार झालेल्या गाड्यांमधली एक त्यांना आमच्यामार्फत मिळाली. तिच्या धुराच्या नळकांड्यात काजळी अडवणारी गाळणी होती. तशी गाडी तेव्हा आमच्याकडे दुसरी नव्हती.

संस्थेच्या नर्स मालतीताईंचा फोन आला होता. तीन आठवड्यांपूर्वी सूर्यमाळच्या एका पाड्यावरून महिन्याचं बाळ आणि त्याची आई घेऊन गाडी जव्हारला निघाली. खोडाळ्याच्या पुढच्या चढावर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जोर गेला. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ती सायकलच्या वेगाने चालली. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. जव्हार यायच्या आधी बाळ गेलं.

“डॉक्टर म्हणाले, वेळेत आलं असतं तरी खात्री नव्हती,” मालतीताई फोनवर सांगत होत्या. “पण आमचा ड्रायव्हर काशिनाथ, तो त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावत नाही. म्हणतो, गाडीनं असं का केलं ते कुणीतरी सांगा, मगच चालवीन. दुसरा माणूस या रस्त्यांना यायला तयार नाही. गाडी नीट होईल हो मॅडम, पण तुम्ही त्याला कारण सांगा.”

एसटीत कॅन पायाशी ठेवून मी तिकीट काढलं. कंडक्टरने कॅनला बुटाने टिचकी मारली.

“यात काय?”

“इंजिनचं तेल.”

“माझ्या गाडीत ओतणार असाल तर फुकट नेतो, ताई. हिला गेल्या दिवाळीपासून कुणी पाजलेलं नाही.”

त्र्यंबकच्या पुढे बस रिकामी होत गेली. तोरंगणच्या घाटात धुकं नव्हतं, ढग नव्हते, नुसता करडा उजेड होता. सागाची पानं गळून वाटेवर पडलेली, गवत कापून झालेलं, उतारांवर त्याच्या गंजी. माझ्या पिढीला या भागातली गावं पेपरातूनच माहीत. कुपोषणाने मुलं गेली त्या बातम्यांत इकडच्या वावर या गावाचं नाव वाचलं होतं, तेव्हा माझी मुलगी शाळेत जायला लागली होती. पेपर घडी करून मी तिचा डबा भरला होता, एवढंच आठवतं. रस्त्यालगतच्या कुडाच्या घरांपैकी निम्म्यांच्या दारांत काटेरी फांद्या आडव्या टाकलेल्या दिसल्या. शेजारच्या बाईला विचारलं.

“भट्टीवर गेली,” ती म्हणाली. भात कापून झालं की भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर माणसं जातात, पावसाच्या तोंडावर येतात. तोवर घराची राखण काट्यांकडे.

मोखाडा मला तालुक्याच्या गावासारखं वाटलं नाही. तहसील, पंचायत समिती, चहाच्या दोन टपऱ्या, खोडाळ्याच्या जीपवाल्यांची हाकाटी, आणि पाच मिनिटांत गाव संपतं. मालतीताई स्टँडवर आल्या होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, पन्नाशीच्या, पांढऱ्या साडीवर पुरुषी स्वेटर. त्यांनी आधी जेवायला घातलं. नागलीची (नाचणीची) भाकरी, कुळथाचं पिठलं आणि खुरासणीची काळी चटणी. चटणी मी दुसऱ्यांदा मागून घेतली. हात धुताना म्हणाल्या, “त्या बाळाला मी मांडीवर घेतलं होतं. मला घड्याळ बघायची सवय आहे ना, दर पाच मिनिटांनी बघत होते.”

गाडी संस्थेच्या दवाखान्यामागे उंबराखाली उभी होती. बॉनेटवर वाळलेली झेंडूची माळ आणि कुंकवाचा हात. काशिनाथ पन्नास पावलांवर दगडावर बसला होता. चाळिशीचा, बारीक, अंगात शाळेच्या शिपायासारखा खाकी शर्ट. आधी दहा वर्षं त्याने खोडाळा लाइनला शेअर जीप चालवलेली. मी नमस्कार केला तर त्याने मान हलवली आणि माझ्या मागे बघितलं.

“मेकॅनिक कुठंय?”

“मीच.”

त्याने मालतीताईंकडे पाहिलं. “शिस्टर, तुमी गंमत करता का माझी?”

मी बॉनेट उघडलं, लॅपटॉप जोडला. पडद्यावर तीन कोड आले. पहिला सांगत होता, काजळीची गाळणी मर्यादेपलीकडे भरली आहे. दुसरा, गाळणीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबात फार फरक आहे. तिसरा, इंजिन वाचवण्यासाठी जोर कमी केला आहे. गाडी बिघडली नव्हती. तिला जे शिकवलं होतं ते तिने केलं होतं.

पण कोड हे लक्षण असतं, आजार शोधावा लागतो. आमच्याकडची नवी पोरं कोड वाचतात आणि सरळ तो भाग बदलतात. मी तसं करू देत नाही. दाब मोजणाऱ्या यंत्राकडे दोन बारीक रबरी नळ्या जातात. त्या फुटलेल्या असल्या तर खोटा कोड येतो. नळ्या धड होत्या. इंजिन बंद असताना यंत्राने शून्य दाखवायला हवं. शून्यच दाखवत होतं. म्हणजे कोड खरा होता. मग तेलाची पट्टी ओढली आणि थबकले. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

ही गाळणी भरत आली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते. जास्तीचं डिझेल सोडते, धुराची नळी तापवते, काजळीची राख होते. त्याला मोकळ्या रस्त्यावर, बऱ्या वेगात, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्येच इंजिन बंद झालं तर ते जास्तीचं डिझेल खाली तेलात उतरतं. बोटभर उतरलं होतं, म्हणजे हे एकदा-दोनदा नव्हे, कित्येकदा झालं होतं.

नळ्यांचा नकाशा बघायला गाडीच्या खणातलं माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी, दोनशे पानांचं, अजून कंपनीच्या प्लास्टिकमध्ये. ते मीच फोडलं.

काशिनाथ केव्हातरी मागे येऊन उभा होता. “काय बोलतंय तुमचं यंत्र?”

“श्वास कोंडलाय म्हणतंय. धूर बाहेर पडायची वाट भरली आहे.”

तो कडवट हसला. “भगतानंबी ह्येच सांगितलं.” (भगत म्हणजे गावचा जाणता, झाडपाला आणि मंत्र दोन्ही करणारा.) “धूर कोंडलाय म्हनला. त्यानं नारळ आन् कोंबडा घेतला. तुमी काय घेनार?”

“दोन दिवस. का कोंडला ते भगताने सांगितलं?”

“नाय.”

“मलाही अजून कळलेलं नाही.”

हे खरं होतं. लॅपटॉपमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते असतं आणि गाडी किती किलोमीटर गेली तेही. मी यादीच्या मागे भागाकार केला. सरासरी ताशी नऊ किलोमीटर. रस्ता कितीही वाईट असला तरी नऊ होत नाही. ही गाडी चालली त्यापेक्षा उभ्याने जास्त धडधडली होती.

“इंजिन चालू ठेवून आत झोपता का?” मी विचारलं. आता आठवलं की लाज वाटते.

त्याचा चेहरा मिटला. “मी डिझेल जाळून झोपनारा नाय, बाय. काम आसतं तवाच चालू आसते.”

कोणतं काम, ते मी विचारलं नाही. मी त्याच्या रागाकडे बघितलं आणि मनात ‘काहीतरी लपवतो आहे’ अशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जास्तीचं तेल डब्यात काढून घेतलं आणि गाडी जव्हारला न्यायची ठरली. मोखाड्यात लिफ्ट नाही, कॉम्प्रेसर नाही. काशिनाथ स्टिअरिंगला हात लावेना, तेव्हा मीच चालवायला बसले. तो मागे गेला. पुढची जागा रिकामी असून मागच्या बाकावर, खिडकीपाशी बसला. मालतीताईंनी नंतर सांगितलं, त्या दिवशी बाळाची आई तिथेच बसली होती.

पंचवीस किलोमीटर आम्ही त्याच सायकलच्या वेगाने गेलो. मागून आलेल्या जीपगाड्या हॉर्न मारून पुढे जात होत्या. एका जीपवाल्याने डोकं बाहेर काढून ओरडून विचारलं, “काशिनाथ, वरात कुनाची रं?” एका चढावर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी अडखळली आणि मी आरशात बघितलं. तो डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते. पुढे कळलं, तो वळणं मोजत होता.

जव्हारला उस्मानचाचांचं वेल्डिंगचं दुकान. सायलेन्सर, ट्रॉल्या, खिडक्यांचे गज, काहीही. त्यांचे वडील संस्थानच्या मोटारींचं काम करायचे, असं त्यांनी ओळख होताच सांगितलं आणि मग गाडीखाली शिरले. खालूनच बोलणं चालू.

“ताई, पोकळ करून देतो. आतली जाळी फोडून काढायची, वरून टाका मारायचा. जिंदगीभर कटकट नाही. कोणाच्या बापाला कळणार नाही.”

“लॅपटॉपला कळेल, चाचा.”

“तो कोणाचा बाप?”

“माझ्या साहेबांचा.”

ते बाहेर आले, हात पुसत माझ्याकडे नीट बघितलं. “मग काढून, साफ करून लावू. पण बोल्ट गंजलेत. तुटले तर शिव्या मला द्यायच्या नाहीत.”

दोन तुटले. शिव्या त्यांनीच दिल्या. गाळणी निघाली ती मोठ्या दुधाच्या बरणीएवढी, जड. त्यांनी उलट्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा मारली आणि काळ्या ढगाने अर्धा बोळ भरला. ढग विरला तेव्हा वरच्या गच्चीत वाळत घातलेले त्यांचे दोन पांढरे झब्बे करडे झाले होते. खिडकीतून त्यांच्या बेगम म्हणाल्या, “हां, छान. आता जुम्याला काळे घालूनच जा. लोक विचारतील कोण गेलं.” काशिनाथ तेवढ्यापुरता मोकळं हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

गाळणी बसवली, तेल बदललं. आता लॅपटॉपवरून हुकूम देऊन उरलेली काजळी जाळायची होती. नळकांडं त्यात भट्टीसारखं तापतं, आणि जव्हारभर वाळलं गवत. म्हणून गावाबाहेर उघड्या कातळावर गाडी नेली. काशिनाथने न सांगता दोन बादल्या पाणी आणि हिरव्या डहाळ्या आणून ठेवल्या. मी हुकूम दिला. इंजिन आपोआप चढलं, पंखा गरजू लागला, जळका, आंबूस वास सुटला.

काशिनाथ दोन पावलं मागे सरला. “ह्यो आवाज मला म्हायती हाये.”

“कुठे ऐकलात?”

“गाडी मधीच आशी भडकायची. वास यायचा. मी लगेच बंद करायचो.”

“हे बंद करायचं नसतं. गाडी स्वतःला साफ करत असते.”

“आत पोरं आसायची, बाय. पेटली म्हंजे?”

मला वाटलं, जव्हारला नेतानाचं बोलतो आहे. चाळीस मिनिटांनी आवाज उतरला, पडद्यावरचा आकडा खाली आला, पिवळा दिवा विझला. गाडीचं काम झालं होतं, यादीतली शेवटची ओळ तेवढी उरली होती. पण गाळणी का भरली, ते मला सांगता येत नव्हतं आणि काशिनाथ चावी घ्यायला पुढे येत नव्हता.

“उद्या सूर्यमाळचा वार आहे,” मोखाड्याला परतल्यावर मालतीताई म्हणाल्या. “तीन आठवडे गेलो नाही. चला तुम्ही, गाडीची परीक्षाही होईल.”

सकाळी सातला निघालो. मी चालवत, मालतीताई शेजारी, काशिनाथ मागे, त्याच खिडकीपाशी. खोडाळ्यापुढे सूर्यमाळचा चढ लागला तो गाडीने सहज घेतला.

सूर्यमाळ उंचावर आहे. नावात सूर्य असला तरी त्या पाड्यावर पूर्वेच्या डोंगराची सावली नऊ-साडेनऊपर्यंत हटत नाही. थंडी अंगाला नव्हे, हाडांना लागत होती. शाळेच्या पडवीत मालतीताईंनी तुळईला वजनकाटा टांगला, त्याला कापडी झोळी अडकवली. चार बाजूंच्या वाटांनी बायका येऊ लागल्या. अंगावर एक लुगडं, पदराखाली मूल. गावात उरलेल्या त्याच. बाकीच्या भट्टीवर.

त्या पडवीकडे गेल्या नाहीत. सरळ गाडीपाशी आल्या, मागचं दार स्वतःच उघडलं आणि एकेक करून आत चढून बसल्या. बाकांवर, मधल्या जागेत, स्ट्रेचरवर. मुलं मांडीवर घेऊन त्या वाट बघत राहिल्या. मी स्टिअरिंगवर बसले होते. आरशात बारा-तेरा चेहरे, सगळे माझ्याकडे.

एक म्हातारी नातवाला छातीशी धरून म्हणाली, “काशिनाथ, आरं बसून काय ऱ्हायलास? पेटव ना तुझी शेगडी. पोरं गारठली.”

काशिनाथने मागचं दार ओढून घेतलं.

मालतीताई खिडकीशी आल्या. “इथे गाडीला शेगडीच म्हणतात,” त्या सहज म्हणाल्या. “आमची वजनं, औषधं, पौष्टिक मिश्रण खाऊ घालणं, तीन तास जातात. कमी वजनाची मुलं, पडवीत उघडी केली की निळी पडायची. गेल्या थंडीत काशिनाथनेच काढलं हे. इंजिन चालू ठेवायचं, गरम हवा सोडायची. एकेक मूल आतून न्यायचं, वजन करायचं, परत आत. यंदा गणपतीनंतर पाऊस लांबला, तेव्हापासून रोजच चालू आहे. प्रत्येक पाड्यावर.”

ताशी नऊ किलोमीटर. मी चावीकडे बघत बसले. उभ्या गाडीत मंद चाललेलं इंजिन कधीच पुरेसं तापत नाही. ते फक्त काजळी करतं. रोज तीन तास, मग मोखाड्यापर्यंत वीस किलोमीटरचा खडबडीत रस्ता, आणि गाळणी जळायला लागली की मुलं आत म्हणून इंजिन बंद. मला हवं होतं ते कारण मागच्या बाकावर बसून हातांवर फुंकर घालत होतं.

“पेटव गं बाय, तूच पेटव,” म्हातारी मला म्हणाली.

मी चावी फिरवली. गरम हवेचा खटका पूर्ण उघडला. पाच मिनिटांत काचांवर वाफ धरली, मुलांची मुठीतली बोटं सुटली, एक रडू लागलं. रडणारं मूल बघून त्याची आई हसली. माझ्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. काजळीचा आकडा एकेक करत चढत होता. तीन तास मी तो चढताना बघितला.

अकराच्या सुमारास ऊन तापलं, बायका उतरल्या. कोणीतरी गुळाचा कोरा चहा आणून दिला. काशिनाथ माझ्या दारापाशी आला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं.

“तुमाला घावलं. तुमचा चेहरा सांगतोय.”

मी अठरा वर्षं वॉरंटीच्या पत्रांत वाक्यं घोळवली आहेत. ‘वापराच्या विशिष्ट परिस्थितीमुळे’ असं एक वाक्य तयार होतं. ते गिळलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. उभ्याने इंजिन चालवल्यामुळे गाळणी भरली. ती साफ होऊ लागली की बंद केल्यामुळे भरतच गेली. त्या दिवशी चढावर ती काठोकाठ झाली आणि गाडीने जोर काढून घेतला.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “म्हंजे मीच.”

“नाही.”

“मीच की. पोरांना ऊब दिली, तीच त्या पोराला नडली.”

“काशिनाथ, हे करायचं नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?”

“कोन सांगनार? तुमीच गाडी दिली तवा नारळ फोडला, फोटो काढले. मी मागं ताट धरून व्हतो.”

मला तो दिवस आठवला. आमच्या अंगणात मांडव, पाहुण्यांना परतायची घाई, फीत, हार. गाडी ताब्यात देतानाचा एक कागद असतो, एकवीस ओळींचा. त्याची प्रत माझ्या पिशवीतल्या फायलीत होती, तीन दिवस होती. मी ती काढली. चौदावी ओळ, ‘चालकास धूरशुद्धीकरण यंत्रणेविषयी सर्व सूचना समजावल्या.’ पुढे बरोबरची खूण. ती खूण मी ओळखते. शेपूट लांब काढायची माझीच सवय आहे. समजावलं कोणालाच नव्हतं. ओळ रिकामी ठेवायची मला सवय नाही, म्हणून खूण केली होती.

मी कागद त्याच्या हातात दिला. तो मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेला. बोट ठेवून त्याने ती ओळ वाचली.

“ही खूण माझी,” मी म्हणाले. “सांगायचं काम माझं होतं. मी न सांगता सांगितलं म्हणून लिहिलं.”

त्याने राग करावा असं मला वाटत होतं. त्याने कागदाची घडी घालून परत दिला. खाली वाकून चपलेतला खडा काढला, बराच वेळ लावून.

“मंग आता ऊब कशानं द्यायची?” त्याने विचारलं.

ते माझ्या तेरा ओळींच्या यादीत नव्हतं आणि दोनशे पानांच्या पुस्तकातही नव्हतं.

“आन् तिला कोन सांगनार?”

“कोणाला?”

त्याने शाळेच्या पलीकडे हनुवटीने दाखवलं. उतारावर एकटं कुडाचं घर होतं. दारात काट्यांची फांदी आडवी. “बाराव्याच्या दुसऱ्या दिशी गेली दोघं. भट्टीवर. तिला वाटतंय, पोराला तिचं दूद बाधलं. तिच्या सासूनं तसं सांगितलं तिला.”

मालतीताईंनी मान वळवली. मी चहाचा पेला हातात धरून उभी राहिले. चहा निवून गेला होता.

“चावी द्या,” काशिनाथ म्हणाला. “सांज व्हायच्या आत तुमची नाशिकची गाडी गाठायला पायजे.”

परतताना त्यानेच चालवलं. मी त्याला सांगत गेले, या वेळी खरोखर. आवाज चढला, वास आला तर बंद करायचं नाही, मोखाड्यापुढच्या सपाटीला एक गिअर खाली ठेवून पंचवीस मिनिटं न्यायची, गवतावर उभी करायची नाही. प्रत्येक गोष्ट मी त्याच्याकडून परत म्हणवून घेतली. त्याने शाळकरी मुलासारखी म्हणून दाखवली, एकदाही चुकला नाही. खोडाळ्याच्या चढावर त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वर आल्यावर गाडी बाजूला घेतली, हात शर्टाला पुसले आणि पुन्हा गिअर टाकला.

नाशिकला आल्यावर अहवाल लिहिला. ‘दोषाचे कारण’ या रकान्यात लिहिलं, ‘गाडी देताना चालकाला सूचना समजावल्या गेल्या नाहीत,’ आणि खाली माझी सही. साहेब म्हणाले, “हे असं लिहितात का?” मी म्हणाले, असंच जाऊ दे. ‘आवश्यक सुटे भाग’ या रकान्यात लिहिलं, गोधड्या बारा, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या बारा, मोठी शेगडी एक. तो कागद आठवड्याने कंपनीकडून परत आला. लाल शाईत गोल करून शेरा होता, ‘सदर भाग या गाडीत नाहीत.’ गोधड्या आणि पिशव्या मग मीच पाठवल्या. शेगडी मालतीताईंनी तिथेच घेतली.

मार्चमध्ये त्यांचं पत्र आलं. दिवा पुन्हा लागलेला नाही. पण गोधड्या गाडीच्या हवेसारख्या नाहीत, दोन मुलांची वजनं उतरली आहेत. बायका अजून आल्या की आधी गाडीत चढून बसतात, आणि काशिनाथ दर वेळी त्यांना उतरवतो. त्याचं बोलणं कमी झालं आहे. सपाटीवर मात्र तो नेमाने गाडी पळवतो. लोकांना वाटतं, याला आता घाई सुटली.

आता मे संपत आला आहे. भट्ट्या बंद होतील, माणसं परततील, दारांतल्या काट्यांच्या फांद्या निघतील. जव्हारच्या सकाळच्या एसटीची वेळ मी विचारून ठेवली आहे. निघण्याआधी यादी करायची म्हणून कागद घेऊन बसले. सूर्यमाळ, त्या आईला कारण सांगणे, एवढी एक ओळ झाली. चार दिवस झाले, कागद टेबलावर आहे. दुसरी ओळ सुचत नाही.